हरवलेले एकशे नऊ संदर्भ

१

सोमवारी सकाळी ओडेसाबाई टिलमन कचेरीत पोचल्या, तेव्हा त्यांच्या टेबलासमोर एक बाई बुटांचं खोकं मांडीवर घेऊन बसली होती. खोक्याला सुतळी बांधलेली, आणि सुतळीवर दोन्ही हात असे घट्ट, की जणू आत जिवंत पाखरू आहे.

"चोरीची तक्रार इथेच घेतात ना?" बाईंनी विचारलं.

फिलाडेल्फियातल्या त्या संदर्भ-सूची संस्थेत तक्रारी रोजच्याच. कुणाचं आडनाव चुकलेलं, कुणाचा लेख गाळलेला. पण चोरी? तक्रारीच्या टेबलावरच्या एकवीस वर्षांत ही पहिलीच. ओडेसाबाईंनी टोपी खुंटीला लावली, पर्स खणात ठेवली आणि शांतपणे म्हणाल्या, "घेतो की. काय गेलं?"

"संदर्भ. शंभराच्या वर."

बाईंचं नाव डॉक्टर अ‍ॅग्नेस लिंडक्विस्ट. मुक्काम डुलुथ, मिनेसोटा. थंड तळ्यांतल्या जीवजंतूंवर 'कोल्ड वॉटर स्टडीज' नावाचं त्रैमासिक निघायचं, त्याच्या त्या बावीस वर्षं संपादक. बस बदलत बदलत दोन दिवस प्रवास करून आल्या होत्या, आणि तरी पाठीचा कणा ताठ.

आता या संस्थेचं काम काय, तर जगभरच्या शास्त्रीय लेखांच्या शेवटी जुन्या लेखांचे जे हवाले दिलेले असतात, ते एकूण एक टाइप करून यंत्रात घालायचे. मग वर्षाकाठी प्रत्येक नियतकालिकाचा प्रभावांक काढायचा. मागच्या दोन वर्षांत त्यानं लेख किती छापले, आणि यंदा जगानं त्या लेखांचा हवाला किती वेळा दिला. दुसऱ्या आकड्याला पहिल्यानं भागायचं. हिशेब चौथीतल्या पोराला जमेल असा, पण त्यावर भल्याभल्यांच्या खुर्च्या हलायच्या.

डॉक्टर लिंडक्विस्टांची खुर्ची तशीच हलली होती. सत्त्याहत्तर आणि अठ्ठ्याहत्तर मिळून त्यांनी बरोबर शंभर लेख छापले होते. गेल्या वर्षीचा प्रभावांक होता दोन पूर्णांक एक. यंदाचा, म्हणजे एकोणऐंशी सालचा, नुकताच जून महिन्यात छापून आलेला आकडा होता शून्य पूर्णांक चौऱ्याण्णव. शंभर लेखांना जेमतेम चौऱ्याण्णव हवाले.

"शुक्रवारी दुपारी बारा वाजता आमच्या विद्यापीठाचे डीन सही करणार," त्या म्हणाल्या. "माझं त्रैमासिक बंद. प्राध्यापक ब्रिकनर यांच्या मोठ्या नियतकालिकात बुडवून टाकायचं. आमचं कुणी वाचत नाही म्हणे." त्यांनी सुतळी सोडली. आत पोस्टकार्डं होती, दाबून भरलेली. "ही गेल्या वर्षाची. सहाशे चाळीस. लिमा, बुडापेस्ट, मनिला. 'कृपया आपल्या लेखाची सुटी प्रत पाठवा.' वाचत नसते, तर तिकीट लावून मागितली असती?"

ओडेसाबाईंनी एक कार्ड उचललं, उलटसुलट पाहिलं, आणि जपून जागच्या जागी ठेवलं.

"हवाले कुणीतरी उडवलेत," डॉक्टर लिंडक्विस्ट म्हणाल्या. "आणि कुणी, तेही मला ठाऊक आहे."

२

त्यांच्या मते संशयित दोन. पहिले खुद्द ब्रिकनर. फेब्रुवारीत हे गृहस्थ इथे येऊन दोन दिवस आकड्यांच्या खोलीत बसले होते, आणि ही गोष्ट त्यांनीच एका परिषदेत मिरवून सांगितली होती. दुसरी व्यक्ती म्हणजे तळ्यांच्या विषयाचे हवाले टाइप करणारी, जी कोण असेल ती.

ती होती कॉनी मारुल्लो. दक्षिण फिलाडेल्फियाची, तोंडाची फटकळ, बोटांची त्याहून वेगवान. ओडेसाबाईंनी मंगळवारी तिला जेवणाच्या सुट्टीत गाठलं. मिरची-अंड्याचं सँडविच अर्धं खाऊन झालं होतं.

"मिस ओडेसा, मी नवऱ्याच्या डब्यातलं सँडविच चोरते. हे त्याचंच आहे," कॉनी म्हणाली. "पण संदर्भ? ते घेऊन करू काय, सॉसमध्ये घालू?"

"मग घाईत गळाले असतील."

"गळायला ते काय माझे केस आहेत? आमच्या रांगेत दोघी दोनदा टाइप करतात, दोन्ही जुळले तरच पुढे जातं. आणि नियम एकच: लेखकानं लिहिलं तसं. त्यानं ख्रिसमस जुलैत लिहिला तर जुलै. आपण शहाणपणा करायचा नाही." एवढं बोलून तिनं उरलेलं सँडविच पुढे केलं. ओडेसाबाईंनी नको म्हटलं, पण पोरगी खरं बोलते आहे हे त्यांना त्या सँडविचवरूनच कळलं. ज्याच्या मनात काही असतं, तो असा घास पुढे करत नाही.

विभागप्रमुख वॉरन फिच यांना हे प्रकरणच नको होतं. छापलेला आकडा म्हणजे छापलेला आकडा, असं त्यांनी दोनदा सांगितलं. एकाला दार उघडलं की उद्या पाच हजार संपादक जिन्यावर उभे राहतील. शेवटी ओडेसाबाई जागच्या हलेनात तेव्हा ते म्हणाले, शुक्रवारपर्यंत काय शोधायचं ते शोधा, त्यापुढे एक दिवस नाही.

ओडेसाबाईंनी साधी परीक्षा घेतली. डॉक्टर लिंडक्विस्टांना म्हणाल्या, तुमच्या खात्रीचे दहा हवाले सांगा. त्यांनी डोळे मिटून दहा सांगितले, कुणी, कुठे, कोणत्या लेखात. ओडेसाबाईंनी सूचीचे जाडजूड ग्रंथ काढले, चष्मा नाकावर ओढला आणि बोट फिरवायला सुरुवात केली.

पहिला सापडला. दुसरा सापडला. चार वाजता त्यांनी ग्रंथ मिटला.

दहाच्या दहा जागेवर होते. चोरी झालीच नव्हती.

३

"मग मोजणीत का नाहीत?" डॉक्टर लिंडक्विस्टांनी विचारलं.

बुधवारी सकाळी उत्तराचं एक टोक हाती आलं. दहांपैकी चार मोजले गेले होते, सहा नव्हते. त्या सहांमध्ये खंड बरोबर होता, पान बरोबर होतं. साल मात्र सगळीकडे एकोणीसशे शहात्तर. मोजणारं यंत्र खंड बघत नाही, पान बघत नाही. ते साल बघतं. सत्त्याहत्तर किंवा अठ्ठ्याहत्तर असेल तर आत, नाहीतर बाहेर.

झालं, संशय पुन्हा कॉनीवर. ओडेसाबाई तळघरात उतरल्या आणि मूळ लेख काढून पाहिले. कॉनी निर्दोष होती. लिमाच्या माणसानं स्वतःच शहात्तर छापलं होतं. बुडापेस्टच्या बाईंनीही, मनिलाच्या दोघांनीही. बर्फाखालच्या गोगलगाईंवरचा एकच लेख, अठ्ठ्याहत्तरच्या मे महिन्यात छापलेला, आणि तिन्ही ठिकाणी साल शहात्तर. एकमेकांची तोंडं न पाहिलेली माणसं सारखीच चूक करतात, ती कशी?

कुणीतरी त्यांना खोटं साल पढवलं असेल तर?

ओडेसाबाईंनी प्राध्यापक ब्रिकनरांना फोन लावला. त्यांना गंमत वाटली. फेब्रुवारीत आपण आपल्याच नियतकालिकाचे आकडे बघायला आलो होतो, म्हणाले, आणि पाहुण्यांच्या वहीत कोणते ग्रंथ मागवले ते नोंदलेलं असेल. ते नोंदलेलं होतं; ओडेसाबाईंनी आधीच पाहून ठेवलं होतं.

"मॅडम, अ‍ॅग्नेसला भेटलात तर माझा नमस्कार सांगा," ब्रिकनर म्हणाले. "पण खरं सांगू? ती एक लेख छापायला दीड वर्ष लावते, तिघातिघांकडून तपासून घेते. मी चार महिन्यांत छापतो. माझे वाचक ग्रंथालयात जातात आणि बांधीव खंड उघडतात. तिचे वाचक टपालाच्या वाटेकडे डोळे लावून बसणारे. असल्यांच्या जोरावर आकडा उभा राहत नाही."

ओडेसाबाईंनी आभार मानून फोन ठेवला. माणूस टोचून बोलला होता. पण त्या टोचण्यात काहीतरी अडकलं होतं, दातात तंतू अडकावा तसं. जीभ पुन्हा पुन्हा तिथेच जात होती.

४

बुधवारी संध्याकाळी चर्चमध्ये गायकवृंदाची तालीम असायची. डॉक्टर लिंडक्विस्ट वायडब्ल्यूसीएच्या महिला-वसतिगृहातल्या खोलीत एकट्या बसून राहणार, हे ओडेसाबाईंना बघवेना. त्यांनी बाईंना सोबत नेलं. सहा वाजून गेले होते, तरी पश्चिमेकडच्या रंगीत काचांतून ऊन बाकांवर सांडत होतं. डॉक्टर लिंडक्विस्ट मागच्या बाकावर हातमोजे मांडीवर ठेवून बसल्या, शिस्तीच्या, अबोल लूथरन पंथाची माणसं बसतात तशा.

ओडेसाबाईंना देवाच्या या घराची सवय छत्तीस वर्षांची. रेव्हरंड पर्नेल रविवारी प्रवचनाला उभे राहायचे, ते आधी शेजाऱ्याशी बोलावं तसं साधं बोलायचे. मग एखादं वाक्य दुसऱ्यांदा म्हणायचे. तिसऱ्यांदा म्हणताना त्याला सूर फुटायचा, ऑर्गन मागून हुंकार भरायचा, आणि बोलणं संपून गाणं कधी सुरू झालं हे कुणालाच कळायचं नाही. गेल्या रविवारी ते हजेरीपटावर गायले होते. वरच्या घरी एक हजेरीपट आहे, त्यात कुणाचंही नाव खालच्या कारकुनानं चुकीच्या पानावर लिहिलं, म्हणून तो माणूस गैरहजर ठरत नाही. ओडेसाबाईंचे डोळे भरून आले होते. दोन दिवस तो सूर कानांतून जात नव्हता.

तालमीत नवं गाणं होतं. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, आणि बावीसच्या बावीस गळे एकदम चौथ्यावर गेले. ऑर्गनवरचे ब्रदर ईफ्रम थांबले.

"तिसरं कुणी खाल्लं?" त्यांनी विचारलं.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. पहिल्या ओळीतल्या सिस्टर लव्हिनिया म्हणाल्या, "आमच्याकडे काय बघता? एक चुकला तर गळा चुकला. बावीसजण चुकलो तर तुमचा कागद बघा."

कागद पाहिला. छापताना तिसरं कडवं खरंच राहून गेलं होतं. सगळे हसले, पेन्सिली शोधू लागले.

ओडेसाबाई हसल्या नाहीत. त्या गाण्याचा कागद हातात धरून तशाच पायऱ्या उतरल्या आणि मागच्या बाकापाशी गेल्या.

"डॉक्टर, लिमाचा माणूस तुमचा खंड उघडून बघतो का?"

"कसा बघेल? त्यांच्याकडे आमचं त्रैमासिक जातच नाही. परवडत नाही. तो कार्ड टाकतो, आम्ही त्याला त्या एका लेखाची सुटी प्रत पाठवतो. फुकट. बावीस वर्षं पाठवतो आहोत."

"ज्या चौघांनी साल बरोबर लिहिलं, ते?"

डॉक्टर लिंडक्विस्टांनी आठवून पाहिलं. मॅडिसन, टोरांटो, अ‍ॅन आर्बर, उप्साला. चारही ठिकाणी मोठी ग्रंथालयं.

"तुमच्या पिशवीत एखादी सुटी प्रत आहे?"

होती. डीनना दाखवायला घेतली होती, बर्फाखालच्या गोगलगाईंचीच. ओडेसाबाईंनी ती उन्हात धरली. निळसर मुखपृष्ठ. वर त्रैमासिकाचं नाव, मग लेखाचं नाव, लेखिकेचं नाव, खंड, पानं. आणि खाली ठळक, टपोऱ्या अक्षरांत: 'हस्तलिखित मिळाले, ऑक्टोबर १९७६'. छापल्याचं साल त्या मुखपृष्ठावर कुठेच नव्हतं. शोधता शोधता ते मागच्या पानाच्या तळाशी सापडलं, मुंगीएवढ्या अक्षरांत.

"हा कागद," ओडेसाबाई हळूच म्हणाल्या. "सगळ्यांनी याच कागदावरून गायलं."

डॉक्टर लिंडक्विस्टांनी प्रत हातात घेऊन मुखपृष्ठावर बोट फिरवलं. "हे कुणी केलं?" असं ओडेसाबाईंनी विचारायच्या आतच त्या म्हणाल्या, "मी केलं."

५

मग त्यांनी सगळं सांगितलं. मिरियम हॉलंड नावाच्या एका मुलीनं तळाच्या गाळातला एक किडा शोधला होता. लेख डॉक्टर लिंडक्विस्टांकडे आला, तिघांकडून तपासून घेण्यात दीड वर्ष गेलं. तेवढ्यात तोच शोध दुसऱ्या कुणीतरी ब्रिकनरांकडे चार महिन्यांत छापून घेतला. लोक मिरियमलाच नक्कलखोर म्हणू लागले. ती त्यांच्या कचेरीत बसून रडली होती. त्या दिवशी त्यांनी छापखान्याला हुकूम दिला: जुलै सत्त्याहत्तरपासून सुट्या प्रतीच्या मुखपृष्ठावर लेख आमच्या हाती कधी आला, ते सगळ्यांत मोठं छापा. आधी कुणाला सापडलं, हे जगाला लांबून दिसलं पाहिजे.

"गेल्या वर्षी आकडा कसा पडला नाही मग?" त्यांनी स्वतःलाच विचारलं.

त्याचंही उत्तर ओडेसाबाईंकडे तयार होतं. गेल्या वर्षीच्या मोजणीत शहात्तर आणि सत्त्याहत्तर ही सालं होती. चुकून लिहिलेलं शहात्तरही आतच पडत होतं. चूक तेव्हाही होती, पण तिला निवारा होता. यंदा मोजणी एक वर्ष पुढे सरकली आणि ती उघड्यावर आली.

"म्हणजे चोर मीच," डॉक्टर लिंडक्विस्ट म्हणाल्या. "मी उद्याच्या बसनं जाते. तुम्ही फार केलंत."

"बसा खाली, डॉक्टर. तुम्ही एका पोरीचं नाव वाचवायला गेलात. आता मला तुमचं वाचवू द्या. बस काय, रोजच जाते."

गुरुवारी कॉनीची अख्खी रांग जेवण सोडून बसली. शंभर लेख, प्रत्येकाचा खंड आणि पान, आणि त्यांवर एकोणऐंशी साली आलेला प्रत्येक हवाला, साल काहीही लिहिलेलं असो. ओडेसाबाईंनी आणखी एक गोष्ट करायला लावली, आणि त्यावर कॉनी कुरकुरली: हीच चाळणी ब्रिकनरांच्या नियतकालिकालाही लावायची.

शुक्रवारी साडेअकराला कागद वॉरन फिच यांच्या टेबलावर होते, आणि डॉक्टर लिंडक्विस्ट समोरच्या खुर्चीत. कोल्ड वॉटर स्टडीज: चुकीच्या सालामुळे वगळलेले हवाले, एकशे नऊ. ब्रिकनरांचं: तीन.

फिचनी कागद वाचले, दुसऱ्यांदा वाचले, आणि म्हणाले की नियम स्पष्ट आहे. लेखकानं लिहिलं तसं.

"तो नियम टाइप करण्याचा आहे, वॉरन. मोजण्याचा नाही," ओडेसाबाई म्हणाल्या. त्यांनी साध्या आवाजात सुरुवात केली. "आपण जगाला सांगतो, या शंभर लेखांवर माणसं किती वेळा टेकली ते आम्ही मोजतो. खंड एकवीस, पान दोनशे बारा. त्या जागी सगळ्या जगात एकच लेख बसलेला आहे. लिमाचा माणूस त्याच्यावरच टेकला. बुडापेस्टची बाई त्याच्यावरच टेकली. त्यांच्याकडे ग्रंथालय नाही. त्यांच्याकडे एक पोस्टकार्ड आहे. ज्याच्याकडे ग्रंथालय, त्याचा हवाला मोजायचा, आणि ज्याच्याकडे पोस्टकार्ड..."

"मिसेस टिलमन," फिच सावधपणे म्हणाले, "तुम्ही आता गाणार आहात का?"

"गरज पडली तर."

दाराबाहेर कॉनीची रांग उभी होती. फिचनी त्यांच्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"उद्या दुसरा कुणी आला तर?"

"त्यालाही हीच चाळणी. म्हणून तर ब्रिकनरांचे तीन त्यांना दिले. आपलंच काम आहे ते."

फिचनी पेनाचं टोपण काढलं. त्यांच्यातही वाईट काही नव्हतं. जिन्यावर उभ्या राहणाऱ्या पाच हजारांची धास्ती तेवढी होती. शेवटी त्यांनी शुद्धिपत्राचा छापील कागद ओढला. चौऱ्याण्णव अधिक एकशे नऊ, भागिले शंभर. दोन पूर्णांक शून्य तीन. खाली सही.

बारा वाजून गेले होते. डॉक्टर लिंडक्विस्ट घड्याळाकडे बघून खुर्चीत मागे टेकल्या, दोन दिवसांच्या प्रवासात टेकल्या नव्हत्या तशा. "उशीर झाला," त्या म्हणाल्या.

"डुलुथला अजून अकरा वाजून दहा मिनिटं झालीत, डॉक्टर," ओडेसाबाई म्हणाल्या, आणि फोन फिच यांच्यापुढे सरकवला.

फिचनी डीनना स्वतः सांगितलं. पलीकडचं काही ऐकू येत नव्हतं. फिच "होय", "आमच्या सहीनं" आणि "सोमवारच्या टपालानं" एवढंच म्हणत होते. मग त्यांनी फोनवर हात ठेवला.

"डीन विचारताहेत, की पुढचा अंक वेळेवर निघेल ना."

डॉक्टर लिंडक्विस्टांनी हातमोजे घातले. "त्यांना सांगा, आमचा कुठलाच अंक वेळेवर निघत नाही. पण निघेल."

६

सप्टेंबरात ओडेसाबाईंनी एक पोस्टकार्ड घेतलं. एकवीस वर्षं त्यांनी लाखो हवाले हाताखालून घातले होते, पण त्यांतला एकही लेख कधी मागवला नव्हता. त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: कृपया आपल्या लेखाची एक सुटी प्रत पाठवावी, विषय बर्फाखालच्या गोगलगाई. वाचणारीचं नाव, ओडेसा टिलमन, फिलाडेल्फिया.

दहा दिवसांनी नव्यानं छापलेल्या निळसर मुखपृष्ठाची प्रत आली. वर छापल्याचं साल, अंगठ्याएवढं: १९७८. आणि त्याच्या खाली, तितक्याच मोठ्या अक्षरांत, हस्तलिखित मिळाल्याचा महिना. डॉक्टर लिंडक्विस्टांनी मिरियमलाही खाली उतरवलं नव्हतं.

लेखातलं ओडेसाबाईंना फारसं कळलं नाही. पण शेवटच्या पानावरचे हवाले मात्र त्यांनी पेन्सिल घेऊन एक एक करून वाचले, रविवारी चर्चमध्ये हजेरीची नावं वाचतात तसे, ओठ हलवत. तेविसाव्या हवाल्यावर पेन्सिल थांबली. खंडाशी साल जुळत नव्हतं. साल चुकलं होतं.

सोमवारी कचेरीत गेल्या गेल्या त्यांनी टोपी खुंटीला लावली आणि तेविसावा हवाला चाळणीसाठी कॉनीच्या टेबलावर ठेवला.